रॉडनी ब्रुक्स यांचे संशोधन : प्रयोग आणि प्रतिपादन

यंत्रमानवशास्त्रात ज्यांच्या लेखनाने एका पिढीची विचारपद्धती बदलली, अशा संशोधकांत रॉडनी ब्रुक्स यांची गणना करावी लागते. १९५४ साली ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे जन्मलेल्या ब्रुक्स यांनी १९८१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली आणि १९८४ पासून मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत अध्यापन केले. त्यांच्या कार्याचा गौरव पुष्कळ झाला आहे; परंतु त्यांच्या प्रयोगांनी जे सिद्ध केले आणि त्या प्रयोगांच्या आधारे त्यांनी जे प्रतिपादिले, या दोहोंत भेद करणे अगत्याचे आहे.

ब्रुक्स यांच्या बंडाचे स्वरूप कळण्यासाठी पूर्वपक्ष ध्यानी घ्यावयास हवा. १९६६ ते १९७२ या काळात स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत तयार झालेला ‘शेकी’ हा यंत्रमानव प्रथम भोवतालच्या जगाची प्रतिकृती आपल्या स्मृतीत रचीत असे, तिच्यावरून कृतीची योजना आखीत असे आणि मगच हालचाल करीत असे. मुद्दाम साधी ठेवलेली खोली सोडून नित्याच्या जगात ही पद्धती अपुरी पडे. ब्रुक्स यांचा स्वतःचा डॉक्टरेटचा विषयही प्रतिकृतींच्या साहाय्याने चित्रांतील वस्तू ओळखण्याचा होता. त्यांची टीका त्या मार्गावरून चालून गेलेल्या अभ्यासकाची टीका होती, हे विसरता येत नाही.

१९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी पर्यायी रचना मांडली. यंत्रमानवाचे नियंत्रण पाहणे, विचार करणे, कृती करणे अशा क्रमाने न विभागता वर्तनांच्या स्तरांत विभागावे. सर्वांत खालचा स्तर केवळ अडथळे टाळील, त्यावरचा भटकेल, त्याच्याही वरचा दूरच्या जागा धुंडाळील. वरचा स्तर खालच्याच्या कार्यात हस्तक्षेप करू शकतो. पण तो बंद पडला तरी खालचा आपले काम चालू ठेवतो. १९८९ मधील सहा पायांचा, सुमारे १ किलो वजनाचा ‘गेंगिस’ अशा ५७ साध्या घटकांच्या जाळ्यावर खडबडीत जागेतून चालू शके. चालण्याची आज्ञा देणारे केंद्र त्यात कोठेच नव्हते. हे यश निर्विवाद होय.

यानंतरचे प्रतिपादन मात्र इतके निर्विवाद नाही. १९९० व १९९१ च्या निबंधांत, बुद्धीला जगाच्या अंतर्गत प्रतिरूपाची गरजच नाही आणि याच मार्गाने टप्प्याटप्प्याने मानवी बुद्धीपर्यंत जाता येईल, अशी भूमिका त्यांनी घेतली. कीटकाला नकाशावाचून चालता येते, एवढे गेंगिसने दाखविले. मनुष्याला नकाशावाचून विचार करता येतो, हे त्यावरून निष्पन्न होत नाही. डेव्हिड कर्श यांनी १९९१ मध्येच, त्याच नियतकालिकाच्या त्याच खंडात, हा आक्षेप नोंदविला होता. समोर नसलेल्या वस्तूचा किंवा दुसऱ्याच्या हेतूचा विचार ज्या कार्यांत करावा लागतो, ती कार्ये संकल्पनांवाचून कशी पार पडतील, हा त्यांच्या प्रश्नाचा रोख होता.

पुढील इतिहासाने या आक्षेपाला बळ दिले. ब्रुक्स यांच्याच विद्यार्थिनी माया मातारिच यांचा ‘टोटो’ हा यंत्रमानव १९९० मध्ये खुणांचा नकाशा बाळगून मार्ग शोधू लागला. मात्र तो नकाशा वर्तनघटकांतच विखुरलेला होता. १९९० नंतरच्या दशकात एरन गॅट प्रभृतींनी त्रिस्तरीय रचना प्रचारात आणल्या. त्यांत तळाशी ब्रुक्स यांची तत्पर वर्तने आणि माथ्यावर योजना आखणारा जुनाच भाग होता. ब्रुक्स ज्या कंपनीचे सहसंस्थापक होते, त्या आयरोबॉटने २००२ मध्ये आणलेला ‘रूंबा’ हा घर झाडणारा यंत्रमानव नकाशावाचून फिरे. २०१५ मध्ये त्याच मालिकेतील एक यंत्र कॅमेऱ्याच्या साहाय्याने घराचा नकाशा तयार करू लागले. तळाच्या स्तरावर ब्रुक्स यांचा विजय झाला. वरच्या स्तरावर प्रतिरूप परतले.

यामुळे ब्रुक्स यांचे महत्त्व उणावत नाही. कोणत्या कार्याला प्रतिरूप लागते आणि कोणत्याला लागत नाही, हा प्रश्न त्यांच्यापूर्वी क्वचितच विचारला जाई; त्यांच्यानंतर तो टाळता येईनासा झाला. कृत्रिम वातावरणातील प्रात्यक्षिकावर समाधान न मानता यंत्र नित्याच्या, अव्यवस्थित जगात उतरविले पाहिजे, हा त्यांचा आग्रहही या शास्त्राच्या अंगवळणी पडला. अभ्यासकाने १९८६ चा निबंध रचनेचा प्रस्ताव म्हणून आणि १९९१ चा निबंध तत्त्वचर्चा म्हणून वाचावा. दोहोंना एकाच मापाने मोजल्यास पहिल्याच्या पुराव्याचे श्रेय दुसऱ्याच्या निष्कर्षाला मिळते, आणि ब्रुक्स यांच्या अनेक चाहत्यांचा व विरोधकांचा घोटाळा नेमका येथेच झाला आहे.