भैरवीची वेळ

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही चुलत-मावस भावंडं माजघरात व्यापाराचा पट मांडायचो. मुंबईचं तिकीट कोणाला मिळतं यावरून पहिलं भांडण, बँकर कोण यावरून दुसरं. दोन तासांनी तिघं दिवाळखोर होऊन ओसरीवर जाऊन बसलेले असायचे, आणि उरलेले दोघं एकमेकांना भाडं देत-घेत जेल, क्लब, रेस्ट हाउस अशा चकरा मारत असायचे. त्या खेळाचा एकही डाव संपलेला मला आठवत नाही. जेवणाची पानं मांडली जायची, नोटांना रबर लागायचं, आणि कोण जिंकलं हे कोणी विचारायचंही नाही.

आपल्यातच चिकाटी नाही असं तेव्हा वाटायचं. पुढे पटावरचे खेळ, व्हिडिओ गेम आणि टीव्हीवरच्या मालिका या तीन गोष्टींत आयुष्याचा बराच रिकामा वेळ घालवला, आणि त्यांच्याकडे बघण्याची एक सवय लागली. कुठलाही नवा खेळ उघडला, कुठलीही मालिका सुरू केली की मी पहिल्यांदा हे पाहते की हिला संपता येतं का. मैफलीत भैरवी सुरू झाली की आधीचे सगळे राग मनात आपापल्या जागी बसायला लागतात. पुढे काही येणार नाही हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून तो अधिक कान देऊन ऐकतो. संगीत नाटकाला नांदी होती तसं भरतवाक्यही होतं. शेवटाची अशी जाण असलेल्या आपल्या भाषेत या तीन कलांची चर्चा मात्र ग्राफिक्स किती भारी, डबा केवढा मोठा आणि टीआरपी किती एवढ्यावरच थांबते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

व्यापाराचंच आधी घेऊ. त्याचं मूळ अमेरिकेत. लिझी मॅगी यांनी 1904 साली ‘लँडलॉर्ड्स गेम’चं पेटंट मिळवलं ते जमीनदारीतला अन्याय लोकांच्या डोळ्यांसमोर मांडावा म्हणून. पैसा एकाकडे साचत जातो आणि बाकीचे रखडतात, हे त्यांना दाखवायचंच होतं. 1935 मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीने त्याच वंशातला ‘मोनोपॉली’ बाजारात आणला. तेव्हा आतला इशारा गळून गेला आणि रखडणं तेवढं शिल्लक राहिलं. आपला व्यापार त्याच घराण्यातला.

या दुखण्यावर उपाय काढला तो प्रामुख्याने जर्मनीतल्या खेळकारांनी. तिथे 1979 पासून दरवर्षी उत्तम खेळाला ‘श्पील देस यारेस’ हा पुरस्कार दिला जातो. 1995 साली तो क्लाउस टॉयबर यांच्या ‘कॅटन’ला मिळाला. दहा गुण झाले की खेळ संपला, आणि तोवर कोणालाही बाहेर जावं लागत नाही. ‘कार्कासोन’मध्ये 72 फरशा असतात, शेवटची लागली की गुण मोजायचे. ॲलन मून यांच्या ‘तिकीट टू राइड’मध्ये प्रत्येकाला 45 डबे मिळतात. कोणाकडेही दोन किंवा त्याहून कमी डबे उरले की सगळ्यांना एकेक शेवटची खेळी मिळते आणि डाव संपतो. म्हणजे शेवट खेळणाऱ्यांच्या हातात आहे. तुम्ही भराभर डबे लावून तो ओढून आणू शकता, समोरच्याचा लांबचा मार्ग अर्धवट असताना.

या बाबतीत माझ्या मते सगळ्यांत सुंदर खेळ म्हणजे राइनर क्निझिया यांचा ‘लॉस्ट सिटीज’. क्निझिया यांची गणितात डॉक्टरेट. 1999 साली आलेल्या या खेळात दोन भिडू आणि पाच रंगांचे 60 पत्ते एवढाच पसारा आहे. एकेक रंग म्हणजे एकेक मोहीम. पत्ते चढत्या क्रमानेच लावायचे, सत्ता टाकला की हातातला पंजा त्या मोहिमेला कायमचा निरुपयोगी. मोहीम सुरू केली की आधीच वीस गुण खर्ची पडतात, लावलेल्या पत्त्यांनी ते भरून काढायचे. आणि गड्डीतला शेवटचा पत्ता उचलला गेला की डाव त्या क्षणी बंद.

या शेवटच्या नियमात सगळी जादू आहे. पत्ता गड्डीतूनच घ्यावा अशी सक्ती नाही, टाकून दिलेल्या पत्त्यांतलाही घेता येतो. म्हणून ज्याची मोहीम अर्धवट आहे तो नको असलेला पत्ता उचलतो, फक्त गड्डी एकाने कमी होऊ नये म्हणून. तो वेळ विकत घेत असतो. ज्याचं झालं आहे तो शांतपणे गड्डीतून ओढत राहतो. मी हा खेळ बाबांबरोबर शेकडो वेळा खेळले आहे. गड्डीत चार पत्ते उरले की बाबा चष्मा काढून ठेवतात आणि पत्ते न मोजल्यासारखं दाखवत मोजतात. आमच्यात त्या चार पत्त्यांत जेवढं बोलणं होतं, तेवढं एरवी आठवड्यात होत नाही.

शेवटाला अर्थ देण्याची ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. ज्या मोक्षपटाचं नाव परंपरा ज्ञानेश्वरांशी जोडते, त्यात कवड्या टाकायच्या, सद्गुणांच्या शिडीने चढायचं, दुर्गुणांच्या सापाने घसरायचं, आणि पट संपतो तो मुक्तीच्या घरात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा पट इंग्लंडला गेला आणि हळूहळू गुणदोषांची नावं पुसली गेली. आपल्या हाती परत आली ती सापशिडी, जिच्या शंभराव्या घरात फक्त शंभर हा आकडा आहे. मला हे नुकसान फार मोठं वाटतं.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत या क्षेत्राने एक धाडस केलं. रॉब डेव्हियो यांनी 2011 मध्ये ‘रिस्क लेगसी’ आणि 2015 मध्ये मॅट लीकॉक यांच्यासह ‘पॅन्डेमिक लेगसी’ आणला. त्यात पटावर कायमची चिकटपत्री लावायची, पत्ते खरोखर फाडायचे. पुस्तकालासुद्धा पाय लागू न देणाऱ्या घरात वाढलेल्या मला पहिला पत्ता फाडताना हात आखडला. पण बारा महिन्यांची ती गोष्ट संपली तेव्हा समोरचा डागाळलेला पट आमचा आणि फक्त आमचा होता. ‘एकदाच खेळता येणारा डबा म्हणजे पैशांचा चुराडा’ हा आक्षेप मला पटत नाही. नाटकाचं तिकीटही एकदाच वापरतो.

त्याच वाटेवर पुढे मात्र हाव आली. आयझॅक चिल्ड्रेस यांचा ‘ग्लूमहेवन’ 2017 मध्ये आला: साधारण दहा किलोंचा डबा आणि 95 प्रसंग. त्याची लढाईची रचना अतिशय कसदार आहे. हातातले पत्ते हळूहळू झिजत जातात आणि थकवा अंगाला जाणवतो. पण चार नोकरदार माणसांना 95 संध्याकाळी कुठून मिळणार? आमचा गट तिसाव्या प्रसंगाच्या आसपास थांबला, एकाची बदली झाली. तेव्हापासून लोकवर्गणीतून येणारे डबे वजनाने वाढतच चालले आहेत, आणि कपाटात अर्धवट राहणाऱ्या गोष्टीही.

व्हिडिओ गेमचं दुखणं वेगळं आहे. तिथे न संपणारा खेळ ही काही वाईट गोष्ट नव्हे. अलेक्सी पाजित्नोव यांनी 1984 मध्ये केलेल्या ‘टेट्रिस’ला शेवट नाही, आपण हरतो तोच शेवट. निन्टेन्डोच्या जुन्या यंत्रावरच्या त्याच्या आवृत्तीत डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेतला तेरा वर्षांचा मुलगा इतका पुढे गेला की प्रोग्रॅमच गोठला. माणूस तिथवर पोहोचल्याची ती पहिली नोंद. त्या मुलाचा आनंद पाहताना मला भरून आलं होतं.

‘पब्जी’चंही तसंच. शंभर जण उतरतात, झोन आक्रसत जातो, अर्ध्या तासाच्या आसपास एकच उरतो. आक्रसणारं वर्तुळ हा शेवटाचा किती नेमका आकार आहे! लपून बसलेल्यालाही ते बाहेर काढतं, दोघांना समोरासमोर आणतं. सप्टेंबर 2020 मध्ये तो खेळ आपल्याकडे बंद झाला, जुलै 2021 मध्ये ‘बीजीएमआय’ या नावाने परत आला, आणि गावोगावी पारावर बसून खेळणाऱ्या पोरांनी तो लगेच उचलला. माझी तक्रार त्या अर्ध्या तासाबद्दल मुळीच नाही. तक्रार आहे ती त्याभोवती गुंडाळलेल्या सीझन, पास, रोजची मिशन आणि रँक यांबद्दल. डाव संपतो, पण खेळ पोराला सोडत नाही. माझा भाचा रात्री बाराला ‘आजचं मिशन राहिलंय’ म्हणून उठून बसतो, तेव्हा तो खेळत नसतो, हजेरी लावत असतो. इतकी सुंदर कारागिरी अशा हजेरीपटाला जुंपलेली बघवत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला ‘आउटर वाइल्ड्स’ आहे. ॲलेक्स बीचम यांच्या विद्यार्थिदशेतल्या प्रबंधप्रकल्पातून हा खेळ वाढला आणि 2019 मध्ये आला. एक चिमुकली सूर्यमाला, एक लाकडी यान. बावीस मिनिटांनी सूर्य फुटतो आणि आपण पुन्हा शेकोटीपाशी जागे होतो. हत्यार नाही, गुण नाहीत, खरेदी नाही. एका फेरीतून दुसऱ्या फेरीत सोबत येतं ते फक्त आपल्याला कळलेलं. त्यामुळे हा खेळ एकदाच खेळता येतो. सगळं कळलं की करण्यासारखं काही उरत नाही. शेवटच्या फेरीत काय होतं ते सांगणार नाही. व्हिडिओ गेम ही कला आहे का, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी याचंच नाव सांगते.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ 2020 मध्ये आला तेव्हा मी तो अभिमानाने घेतला. भावाच्या शोधात निघालेली डोंबाऱ्याच्या खेळातली मुलगी, राजस्थानी वास्तूंसारखे महाल, बाहुल्यांच्या सावल्यांतून उलगडणारी कथा, आणि निवेदनाला साक्षात दुर्गा आणि विष्णू. दृश्य म्हणून हा खेळ कोणापुढेही मान खाली घालणार नाही. पण ऐन चढावर तो तुटल्यासारखा थांबतो. भावाच्या शोधाचं वजन शेवटाला पेलत नाही. छोट्या चमूची ओढाताण मी समजू शकते. तरी प्रेमाने सांगायचं तर सुरुवातीचा एखादा महाल कमी असता तरी चाललं असतं, शेवटाचा एक प्रवेश हवा होता.

आता मालिका. दूरदर्शनच्या काळात तेरा भागांचं गणित असायचं. तेरा भाग म्हणजे लेखकाला पहिल्या दिवसापासून शेवट दिसतो. 1999 मध्ये अल्फा मराठीवर ‘आभाळमाया’ आली आणि रोजच्या मालिकेची सवय घराघरात रुजली. तिच्यातली सुधा जोशी आमच्या आईला शेजारणीइतकी जवळची होती, ते ऋण मी नाकारत नाही. पण 2001 ते 2013 चाललेल्या ‘चार दिवस सासूचे’चे तीन हजारांहून अधिक भाग झाले. बारा वर्षांच्या गोष्टीत शेवटच्या प्रसंगाला सुरुवातीच्या प्रसंगाची आठवण कशी राहावी?

कलावंतांना मी दोष देत नाही. बारा-तेरा तासांच्या शिफ्टमध्ये, सेटवर ऐन वेळी हातात आलेल्या पानांवरून ते जे उभं करतात ते थक्क करणारं असतं. गोम अर्थकारणात आहे. सेट उभारायचा खर्च एकदाच होतो, भाग वाढतील तसा तो अंगावरून उतरतो. गुरुवारी आकडे येतात, चढले तर ट्रॅक लांबतो, पडले तर लीप येतो किंवा महिन्याभरात सगळं गुंडाळलं जातं. लांबवणं काय किंवा गुंडाळणं काय, दोन्हीत शेवट गोष्टीच्या पोटातून येत नाही.

वेगळं होऊ शकतं याचे पुरावे आपल्याच घरात आहेत. सतीश राजवाडे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘असंभव’, ‘अग्निहोत्र’ आणि 2012 सालची ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ या मालिका आजही लोक नावानिशी आठवतात. शेवटची तर घना आणि राधाचं खोटं लग्न खरं झालं की थांबायचं, हे ठरवूनच लिहिल्यासारखी होती. लोकप्रियतेच्या भरात ती थांबली. आमच्या वाड्यात त्या आठवड्यात सगळे हळहळले, आणि अजून हळहळतात. एखाद्या मालिकेचं यापेक्षा मोठं यश मला माहीत नाही.

बाहेरही हाच झगडा आहे. ‘लॉस्ट’ भरकटत चालली तेव्हा 2007 मध्येच जाहीर झालं की आणखी 48 भाग आणि 2010 मध्ये समाप्ती. त्या घोषणेनंतर लिखाणात जीव आलेला स्पष्ट दिसतो, शेवटाबद्दल कितीही वाद असोत. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ने उलटं केलं: दहा-दहा भागांच्या सहा पर्वांनंतर सात आणि मग सहा भागांत सगळं उरकलं, आणि उरकल्याचं दिसलं. जर्मन ‘डार्क’ तीन पर्वं आणि 26 भागांत घड्याळासारखी मिटली. तिच्याच निर्मात्यांची ‘1899’ मात्र पहिल्या पर्वानंतर जानेवारी 2023 मध्ये रद्द झाली, कोडं तसंच उघडं ठेवून. आपल्याकडे संपू देत नाहीत, तिकडे पोहोचू देत नाहीत.

माझ्यासाठी या कलेचं शिखर अजूनही ‘द वायर’. बाल्टिमोर शहर, पाच पर्वं, साठ भाग, 2002 ते 2008. डेव्हिड सायमन दर पर्वात शहराचा एकेक अवयव उघडतात: रस्त्यावरचा गर्दचा धंदा, बंदर, महापालिका, शाळा, वर्तमानपत्र. शेवटी माणसं बदलतात आणि जागा तशाच राहतात. चौथ्या पर्वात शाळेच्या बाकावर पाहिलेली मुलं पाचव्यात एकेका जुन्या माणसाच्या रिकाम्या जागेवर येऊन उभी राहतात. ते पाहताना पाचही पर्वं एकदम मागून येऊन अंगावर कोसळतात. घटना मोठी नसते, आधी पाहिलेलं सगळं तिच्यात असतं.

एक खेळ मी मुद्दाम मागे ठेवला होता. योको तारो यांचा ‘नीअर: ऑटोमाटा’, 2017. त्याच्या अखेरच्या शेवटात श्रेयनामावलीच एक लढाई होते, आणि ती एकट्याने जिंकणं जवळपास अशक्य. तेवढ्यात जगभरातले अनोळखी खेळाडू मदतीला येतात. लढाई संपते आणि खेळ विचारतो: तुम्हीही असंच कोणा अनोळखी माणसाच्या मदतीला जाल का? त्यासाठी तुमची सगळी साठवलेली प्रगती पुसली जाईल. ज्याला मदत मिळेल तो कदाचित तुम्हाला आवडणारही नाही. खात्री आहे का, असं तो पुन्हापुन्हा विचारतो.

रात्रीचे दोन वाजले होते. चाळीसहून अधिक तासांची ती कमाई होती. मी ‘हो’ दाबलं. शस्त्रं, नकाशे, नोंदी, एकेक पान डोळ्यांसमोर रिकामं होत गेलं, आणि मी ते शेवटच्या पानापर्यंत बघत बसले.