प्रतिमा आणि सम्यक् दृष्टी

कवितेतील प्रतिमा म्हणजे सत्यावर चढविलेले आभूषण, असा एक समज शालेय अलंकारपाठांतून आपल्याकडे रुजला आहे. बौद्ध वाङ्मयाची साक्ष निराळी आहे. संयुत्तनिकायातील फेणपिण्डूपम सुत्तात, गंगेच्या तीरी असताना, तथागत रूपाला फेसाच्या गोळ्याची, वेदनेला पावसातील बुडबुड्याची, संज्ञेला मृगजळाची, संस्कारांना केळीच्या खांबाची आणि विज्ञानाला जादूगाराच्या खेळाची उपमा देतात. या पाचही उपमांत एक डोळस पुरुष आहे. तो वस्तू पाहतो, निरखतो, तपासतो. तेव्हाच तिची निःसारता त्याला उमगते. केळीच्या खांबाचे एकेक सोपट सोलावे लागते. येथे उपमा निष्कर्ष हाती देत नाही, तपासण्याचे काम देते.

हीच कसोटी आम्ही आंबेडकरी कवितेस लावू इच्छितो.

दया पवार यांच्या १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या संग्रहाचे 'कोंडवाडा' हे नावच पाहावे. गावच्या कोंडवाड्यात मोकाट गुरे कोंडली जातात आणि दंड भरल्यावाचून सुटत नाहीत. माणसांच्या जगण्याला हे नाव दिले की प्रश्न उभे राहतात : कोंडले कोणी? किल्ली कोणाकडे? दंड कोणत्या अपराधाचा? 'अंधार' या प्रतिमेने यांपैकी एकही प्रश्न निर्माण होत नाही. अंधाराला कर्ता नसतो.

अंधाराची जोडीदार प्रतिमा सूर्याची. बाबासाहेबांना सूर्य म्हणणारी कविता आपल्या विहारांत आजही आदराने ऐकली जाते. धम्मदीक्षेनंतरच्या पिढीला ही प्रतिमा स्वानुभवातून लाभली होती. तिचा अधिक्षेप आम्ही करणार नाही. ती पुनरुक्तीने झिजली, एवढाच आमचा आक्षेपही नाही. सूर्य आपोआप उगवतो. पाहणाऱ्याने केवळ वाट पाहावयाची असते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी बुद्धाला मार्गदाता म्हटले, मोक्षदाता नव्हे. मार्ग ज्याचा त्याने चालावयाचा असतो. ही शिकवण देणाऱ्यालाच केवळ नमस्कारापुरते आकाशात ठेवणारी प्रतिमा त्याच्या विचाराशी विसंगत ठरते.

हा निव्वळ शैलीचा वाद नव्हे. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेधार्थ जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी केलेल्या गोळीबारात १० जण मृत्युमुखी पडले. पुढे काही दिवसांतच मुलुंडचे शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. या प्रसंगावर लिहिताना 'काळरात्र' हा शब्द लेखणीवर सहज येतो. पण गोळीबार सकाळी झाला, दिवसाउजेडी झाला. तेथे बंदुका होत्या आणि त्या चालविणारी माणसे होती. सत्र न्यायालयाने २००९ साली एका पोलीस अधिकाऱ्यास दोषी ठरविले, ते कृत्याबद्दल. रात्रीला कोणी आरोपी करू शकत नाही. 'काळरात्र' म्हणताना शोक व्यक्त होतो, परंतु कर्ता निसटतो.

म्हणून नव्या कवींस आमचे सांगणे एवढेच की, प्रतिमा जरूर योजावी, मात्र तिला एक प्रश्न विचारावा : हिच्यामुळे वस्तू अधिक स्पष्ट दिसते, की हिच्याआड लपते? यथाभूत दर्शनाची शिस्त ध्यानाच्या आसनावर जितकी आवश्यक, तितकीच कवितेच्या ओळीतही आहे.