दर्शनाची साक्ष : बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनातील मुलगी आणि घर

संत बहिणाबाईंच्या (१६२८–१७००) आत्मनिवेदनाचे वाचन आपल्याकडे बहुधा दोन टोकांवरून झाले आहे. सांप्रदायिक वाचकाच्या दृष्टीने तिला झालेले तुकोबांचे स्वप्नदर्शन हा अधिकाराचा पुरावा आहे. तेथे प्रश्नच उरत नाही. आधुनिक वाचक त्याच दर्शनाकडे बालविवाह, मारहाण आणि कोंडमारा यांतून उद्भवलेली मानसिक भरपाई म्हणून पाहतो. तेथे उत्तर आधीच ठरलेले असते. ही दोन्ही वाचने परस्परविरोधी भासली तरी त्यांच्यात एक साम्य आहे. दोन्ही वाचने दर्शनाला घरातून उचलून बाहेर काढतात, एक मंदिरात नेते, तर दुसरे वैद्याकडे. संहितेत मात्र दर्शन कधी एकटे येत नाही. त्याच्या मागोमाग घर येते : घराची भीती, घराचा संशय, घराचा राग. आणि हे घर स्थिर नाही. ते उठून चाललेले, देशोधडीला लागलेले घर आहे. द्रष्टी मुलगी, कर्मठ घर आणि स्थलांतर ही तीन सूत्रे एकत्र वाचल्याखेरीज या आत्मनिवेदनाचा वाङ्मयीन व्यूह उलगडत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

या बहिणाबाई म्हणजे खानदेशच्या बहिणाबाई चौधरी नव्हेत, तर वेरूळजवळच्या देवगावच्या तुकारामशिष्या. त्यांचा गाथा धोंडो विनायक उमरखाने यांनी १९१३ मध्ये आणि वि. ना. कोल्हारकर यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केला. जस्टिन अ‍ॅबट यांचे इंग्रजी भाषांतर १९२९ चे. वडील गावचे कुलकर्णी. मुलीचे लग्न तिसऱ्या वर्षी, तीस वर्षांच्या बिजवराशी. पुढे भाऊबंदकीच्या तंट्यात घर सापडले आणि आईवडील, जावई व मुलगी गाव सोडून निघाली. गोदाकाठ, पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर आणि कोल्हापूर असा हा प्रवास आहे.

या प्रवासातील शिंगणापूर आणि रहिमतपूर ही आजच्या सातारा जिल्ह्यातील दोन ठिकाणे अभ्यासक बहुधा मार्गावरचे थांबे म्हणून ओलांडून जातात. वस्तुतः कथेचा आर्थिक पाया तेथेच आहे. शिंगणापुरात भिक्षा मागून राहावे लागते. रहिमतपुरात काशीयात्रेस गेलेल्या एका ब्राह्मणाचे काम त्याच्या अनुपस्थितीत जावयाकडे येते. तो परतल्यावर बिऱ्हाड पुन्हा उठते. वतनदाराचे घर भिक्षेकऱ्याचे आणि बदलीवाल्याचे झाले, याचा अर्थ असा की त्याच्यापाशी सांगण्यासारखे एकच भांडवल उरले : ब्राह्मण्य. जमीन गावी राहिली, मानपान गावी राहिला. वेदपाठ आणि सोवळे तेवढे बरोबर नेता आले. परक्या गावात आसरा मिळतो तो या भांडवलावर. अशा घराची कर्मठता ही केवळ स्वभावाची वा परंपरेची बाब राहत नाही. ती त्याची पत असते. गावात मुळे असलेल्या ब्राह्मणाला एखादा अपवाद परवडला असता. बिऱ्हाडकरूला तो परवडत नाही.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे कोल्हापुरातील प्रसंगाचे खरे गांभीर्य कळते. वेदशास्त्रसंपन्न हिरंभटांच्या आश्रयाने कुटुंब राहिले आहे. त्यांना दान मिळालेली सवत्स गाय या पाहुण्यांकडे येते. वासराला मुलीचा लळा लागतो. ते तिच्या हातूनच खाते आणि तिच्यामागे कीर्तनालाही जाते. कीर्तनकार आहेत जयरामस्वामी, खटाव तालुक्यातील वडगावचे. रामदास, जयरामस्वामी, निगडीचे रंगनाथस्वामी, ब्रह्मनाळचे आनंदमूर्ती आणि भागानगरचे केशवस्वामी अशा पंचायतनात परंपरेने ज्यांना गुंफले त्यांतील हे एक. यांतील चार जणांचे वास्तव्य आजच्या सातारा-सांगली पट्ट्यातले आहे. म्हणजे या मुलीला घराबाहेरचा जो आवाज प्रथम ऐकू आला, तो याच परिसरात जोपासलेल्या कीर्तनाचा होता. गर्दीतून बाहेर काढलेल्या वासराला स्वामी आत आणवतात, मुलीच्या आणि वासराच्या मस्तकावर हात ठेवतात. ही वार्ता नवऱ्याच्या कानी जाते. तो तिला मारतो, बांधून ठेवतो. वासरू अन्नपाणी सोडते आणि मरते. मुलगी दिवसचे दिवस शुद्ध हरपून पडते. त्या अवस्थेत तिला तुकोबा दिसतात.

तुकोबा त्या वेळी देहूत हयात होते आणि तिने त्यांना कधी पाहिलेले नव्हते. ज्ञानदेवांसारखा दिवंगत संत वा विठ्ठल स्वतः दिसला असता तर घराने कदाचित नमस्कार करून विषय मिटवला असता. दिसला तो देहूचा कुणबी वाणी, आणि त्याने ब्राह्मणाच्या मुलीला मंत्र दिला. नवऱ्याचा आक्षेप बहिणाबाई पूर्ण नोंदवतात : आपण वेदाध्ययन करणारे, शूद्र गुरू कसा चालेल? लोक बायकोच्या दर्शनाला येऊ लागले तर आपल्याला कोण विचारील? दुसरा आक्षेप पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. येथे अहंकार बोलतो हे खरेच. पण त्याच्या तळाशी बिऱ्हाडाची पत जाण्याचे भयही आहे. लेखिका नवऱ्याला खलनायक करून मोकळी होत नाही. ती त्याची बाजू त्याच्याच तर्काने मांडते, आणि म्हणूनच तिची स्वतःची बाजू विश्वसनीय ठरते.

तुलनेसाठी कॅथलिक स्पेनचे एक उदाहरण घेता येईल. आव्हिलाच्या तेरेसाचे (१५१५–१५८२) आजोबा ज्यू धर्मातून ख्रिस्ती झालेल्या समाजातले. १४८५ मध्ये तोलेदो येथे इन्क्विझिशनपुढे त्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. नंतर कुटुंब आव्हिलाला गेले. संशयाची छाया घेऊन गाव बदललेले आणि धर्मनिष्ठेने ती छाया पुसू पाहणारे हे घर होते. लहानपणी भावाला घेऊन ती हुतात्मा व्हायला घरातून पळाली आणि तिला परत आणले गेले. पुढे तिला झालेली दर्शने तिने पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंच्या आज्ञेवरून लिहिली. हस्तलिखित इन्क्विझिशनच्या हाती गेले आणि तिच्या मृत्यूनंतर १५८८ मध्ये छापले गेले. दर्शन खरे की सैतानाची माया, हे ठरवणारी यंत्रणा तिथे होती. ती जाचक होती, पण तिला कार्यपद्धती होती. प्रश्न लेखी विचारले जात आणि उत्तरही लेखी देता येई. बहिणाबाईंपुढे अशी यंत्रणा नाही. नवरा हाच आरोप करणारा आणि तोच न्याय देणारा, अशा या न्यायासनापुढे अपील नसते. तेथे कागदही नसतो. आत्मनिवेदन हा तो कागद आहे. त्या घरात जी साक्ष कोणी नोंदवून घेतली नाही, ती तिने उशिरा स्वतःच नोंदवली.

मिरजेच्या वेणाबाईंशी ताडून पाहिल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. बालविधवा वेणाबाई रामदासांच्या कीर्तनाकडे ओढली गेली, घरच्यांनी लोकापवादाच्या भयाने तिला विष दिले आणि ती वाचली, असे सांप्रदायिक चरित्रे सांगतात. पुढे मिरजेचा मठ तिच्याकडे आला. १६७८ मध्ये सज्जनगडावर तिने देह ठेवला. ‘सीतास्वयंवर’ रचणाऱ्या या समर्थ कवयित्रीच्या आयुष्यातील सर्वांत भयंकर प्रसंग आपल्याला इतरांच्या तोंडून कळतो, आणि त्या तोंडांना विष पचण्यातला गुरुमहिमा अधिक महत्त्वाचा वाटतो. विष कालवणारे हात त्यात अंधुक राहतात. बहिणाबाईंच्या निवेदनात मारणारा हात अंधुक नाही.

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. याच बहिणाबाई पतिव्रताधर्माचे अभंग रचतात, पतिसेवेत परमार्थ पाहतात; मग ही साक्ष शेवटी शरणागतीच नव्हे काय? अ‍ॅन फेल्डहाउस यांनी १९८२ च्या लेखात पत्नी आणि संत या दोन भूमिकांतील ताण नेमका दाखवला आहे. या ताणाचा निकाल एका बाजूने लावण्याची घाई आपण करू नये. नवरा घर सोडून जायला निघतो तेव्हा ती गरोदर आहे. परक्या मुलखात तिचे काय होईल, हा प्रश्न अभंगात शब्दाच्या आडोशाशिवाय उभा आहे. नंतर नवरा आजारी पडतो, पश्चात्ताप पावतो आणि कुटुंब देहूला जाते. दैवी हस्तक्षेपाने सुटलेली गाठ म्हणून हा प्रसंग वाचता येतो. पण निवेदनाची रचना पाहिली तर दिसते की दर्शनाने मुलीची सुटका केलेली नाही. दर्शनाने घराची दिशा बदलली. आतापर्यंत घर चालत होते ते आसऱ्याच्या शोधात. आता ते तिला दिसलेल्या माणसाच्या गावी चालले. ती घर मोडत नाही आणि दर्शनही नाकारत नाही. उठलेल्या बिऱ्हाडाला ती स्वतःच्या दृष्टीने मुक्काम देते. बंडखोरी वा शरणागती यांपैकी कोणताही शब्द या कृतीला पुरत नाही.

शेवटी, मृत्युसमयी ती मुलाला, विठोबाला, आपले मागील बारा जन्म सांगते. हा तेरावा. जन्मस्मृतीची ही कथा चमत्कार म्हणून मान्य करावी की नाही, हा समीक्षेचा प्रश्न नव्हे. समीक्षेने एवढे पाहावे की जिच्या बालपणातील दर्शनाला घराने पुरावा मागितला, तिला आयुष्याच्या अखेरीस घरातलाच एक श्रोता मिळाला आहे, आणि तो पुरावा मागत नाही; तो ऐकतो. तेरेसाचा पहिला वाचक धर्मगुरू होता, बहिणाबाईंचा पहिला श्रोता मुलगा आहे. संतसाहित्याच्या आपल्या अभ्यासात दर्शनाची सत्यता तपासण्यात बरीच शक्ती खर्ची पडली. दर्शन सांगणाऱ्या मुलीला कोणी, कोणत्या अटीवर, किती काळाने ऐकले, याचा इतिहास अजून लिहावयाचा आहे. त्याची सुरुवात रहिमतपूरच्या त्या बदलीच्या बिऱ्हाडापासून करावी लागेल.