फुटलेल्या दुरुस्ती-साधनांच्या वदंता : एक चिकित्सा

ज्या वस्तूची दुरुस्ती तिच्या निर्मात्याने आपल्या चार भिंतींआड ठेवली आहे, त्या वस्तूभोवती वदंतांचे रान माजावे यात नवल नाही. हातात धरून खेळावयाच्या गेम कन्सोलांच्या बाबतीत हा अनुभव गेली वीस वर्षे येत आहे. कारखान्यातील किंवा अधिकृत सेवाकेंद्रातील एखादे गुप्त साधन बाहेर फुटले आणि त्याच्या योगाने मृतवत् झालेले यंत्र पुन्हा सजीव होते, अशी वार्ता उठते. तिच्यावर काही जण तत्काळ विश्वास ठेवतात. काही जण तितक्याच तत्परतेने तिची टर उडवितात. या दोन्ही वृत्ती म्हणजे एकाच आळसाची दोन रूपे होत, आणि जुन्या पोथ्या व कागदपत्रे तपासताना जी शिस्त आपण पाळतो तीच येथे लावली असता खऱ्याखोट्याचा निवाडा पुष्कळ अंशी करता येतो, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावयास हवे की अशी वार्ता हे एक विधान नसून चार विधानांची मोळी असते. अमुक एक साधन अस्तित्वात आहे, हे पहिले. ते निर्मात्याच्याच घरचे आहे, हे दुसरे. सांगितलेले कार्य ते करते, हे तिसरे. आणि ऐकणाऱ्याच्या हातातील यंत्रावरही ते चालेल, हे चौथे. प्रश्नपत्रिका फुटल्याची आवई उठली म्हणजे विद्यापीठाच्या आवारात जे घडते तेच येथेही घडते. कागद हाती पडला एवढ्याने तो प्रश्नपत्रिकेचाच आहे असे ठरत नाही; तो खरा असला तरी यंदाचाच आहे असेही ठरत नाही. परंतु पहिल्या विधानाचा पुरावा पुढे करून चौथे विधान पदरात टाकण्याची हातचलाखी अशा वार्तांमध्ये सर्रास आढळते. तेव्हा मोळी सोडून काड्या वेगळ्या करणे, हेच चिकित्सकाचे पहिले काम होय.

सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन पोर्टेबल, म्हणजेच पीएसपी, या यंत्राचा इतिहास या दृष्टीने फार उद्बोधक आहे. हे यंत्र डिसेंबर २००४ मध्ये जपानात व मार्च २००५ मध्ये अमेरिकेत विक्रीस आले. यंत्राची अंतर्गत आज्ञावली नव्या आवृत्तीने बदलली गेली की बाहेरचे कार्यक्रम त्यावर चालेनासे होत. म्हणून जुन्या आवृत्तीकडे परत जाण्याची वाट अनेकांना हवी होती. ऑक्टोबर २००५ मध्ये अशी वाट दाखविण्याचा दावा करणारा एक कार्यक्रम पसरला. प्रत्यक्षात तो यंत्रातील अत्यावश्यक फाइली पुसून टाकी, आणि यंत्र पुन्हा सुरूच होत नसे. सिमँटेक या संगणक-सुरक्षेच्या कंपनीने त्याची नोंद घेऊन त्याला ‘ट्रोजन’ वर्गात टाकले. ज्यांनी केवळ दाव्यावर विश्वास ठेवला त्यांच्या हाती निर्जीव यंत्र उरले. भोळ्या श्रद्धेची किंमत येथे रोख मोजावी लागली.

या प्रसंगानंतर सर्वच वार्ता खोट्या मानाव्यात असे वाटणे स्वाभाविक होते. याच काळात दुसरीही एक वदंता कर्णोपकर्णी फिरत होती. सोनीच्या दुरुस्ती-केंद्रांत एक विशेष बॅटरी व एक विशेष मेमरी स्टिक असते, आणि ती घातली म्हणजे बिघडलेले यंत्र उठून बसते, असे सांगत. बॅटरीने यंत्राचा मेंदू दुरुस्त व्हावा हे सकृद्दर्शनी हास्यास्पदच वाटे. पण ऑगस्ट २००७ मध्ये ‘पँडोरा’ या नावाने ही युक्ती जाहीर झाली तेव्हा वदंतेचा गाभा खरा असल्याचे दिसून आले. पीएसपीच्या बॅटरीत एक लहान स्मृतिचिप असून तीत अनुक्रमांक साठविलेला असतो. त्या क्रमांकातील सर्व बिट एक असतील तर यंत्र ती सेवा-बॅटरी असल्याचे ओळखते, आणि आपल्या पोटातील आज्ञावलीऐवजी मेमरी स्टिकवरील आज्ञावलीने सुरू होते. मग पुसलेल्या फाइली पुन्हा लिहिता येतात. २००५ मध्ये जी यंत्रे भोळेपणाने मेली होती, त्याच जातीच्या यंत्रांना २००७ मध्ये या वदंतेतील सत्याने जीवदान मिळणे शक्य झाले.

आता या दोन वार्तांमध्ये भेद कोणता? पहिलीत फळ सांगितले होते, कारण सांगितले नव्हते. दुसरीत कारणाची साखळी होती: बॅटरीत चिप, चिपेत क्रमांक, क्रमांकावरून प्रारंभाचा मार्ग. साखळीची प्रत्येक कडी स्वतंत्रपणे तपासता येत होती. किंबहुना कारखान्याच्या मूळ बॅटरीची गरजच उरली नाही. साध्या बॅटरीतील चिपेचा एक पाय उचलून तेच कार्य साधता येते हे अनेकांनी आपल्या हातांनी करून पाहिले. जे साधन फुटले असे सांगितले जात होते ते कोणी दाखविले नाही तरी चालेल, इतके ते ज्ञान स्वावलंबी झाले. बखर आणि अस्सल कागद यांच्या प्रामाण्यात आपण जो भेद करतो त्याहूनही हा एक पाऊल पुढचा भेद आहे. अस्सल कागद जपून ठेवावा लागतो. प्रयोग पुन्हा करता येतो.

तथापि खऱ्या वार्तेलाही कुंपण असते. २००८ मधील टीए-०८८ व्ही३ या मदरबोर्डाच्या पीएसपी-२००० यंत्रांवर आणि त्यानंतरच्या पीएसपी-३००० वर पँडोरा चालेनाशी झाली. ‘पँडोरा खरी आहे’ हे विधान तेव्हाही खरेच होते. ‘ती तुमच्या यंत्रावर चालेल’ हे मात्र खोटे ठरू लागले. बाह्यतः एकसारख्या दिसणाऱ्या दोन यंत्रांचे मदरबोर्ड भिन्न असू शकतात. म्हणून ज्या वार्तेत यंत्राचे नाव असते पण मदरबोर्डाचा उल्लेख नसतो, ती वार्ता अपुरी समजावी. पाठभेद नोंदविताना पोथी कोणती व पान कोणते हे न सांगणाऱ्या संपादकाला आपण जो दोष देतो, तोच येथे द्यावयास हवा.

दुसरे उदाहरण निन्टेंडो थ्रीडीएसचे. ऑगस्ट २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पद्धतीचे वर्णन एखाद्या मांत्रिकाच्या तोडग्यासारखे वाटते. विशिष्ट कार्ट्रिज घालावी, यंत्राच्या ठराविक जागी लोहचुंबक ठेवावे, तीन बटणे दाबून धरावीत आणि यंत्र चालू करावे. लोहचुंबकाच्या उल्लेखावरच अनेक सुज्ञांनी पान उलटले असते. परंतु पाठचिकित्सेत एक जुना दंडक आहे: दोन पाठांपैकी जो कठीण, तो मूळ असण्याचा संभव अधिक, कारण बनविणारा मनुष्य सोपे बनवितो. येथेही तसेच झाले. यंत्राचे झाकण बंद आहे की उघडे, हे चुंबकीय संवेदकाने कळते. कारखान्यासाठी ठेवलेला गुप्त प्रारंभमार्ग झाकण बंद असतानाच उघडतो. आणि झाकण बंद असता बटणे दाबता येत नाहीत, म्हणून उघड्या यंत्राला चुंबकाने फसवावे लागते. विचित्र वाटलेला तपशील हाच सत्याचा साक्षी ठरला. अर्थात् विचित्रपणा म्हणजे प्रमाण नव्हे. त्या विचित्रपणामागे यंत्राच्या रचनेतील कारण सापडले तरच तो प्रमाण होतो.

तिसरे उदाहरण साक्षीदारांच्या संख्येसंबंधीचे आहे. मार्च २०१७ मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विच यंत्रात एनव्हिडिया कंपनीची टेग्रा एक्स-१ ही चिप आहे. दुरुस्तीसाठी ठेवलेल्या तिच्या पुनर्प्राप्ति-मार्गात, यूएसबीच्या एका विनंतीची लांबी न तपासण्याचा दोष होता. उजव्या बाजूच्या रुळातील दहावा संपर्कबिंदू भूमीशी जोडला आणि आवाज वाढविण्याचे बटण दाबून यंत्र चालू केले की हा मार्ग उघडे. त्यासाठी प्लास्टिकचा एक क्षुद्र तुकडा पुरे. एप्रिल २०१८ मध्ये हा दोष जाहीर झाला, तो एकापेक्षा अधिक गटांनी परस्परांवर अवलंबून न राहता शोधलेला होता. एकाच मूळ प्रतीवरून उतरविलेल्या शंभर पोथ्या म्हणजे एकच साक्ष. भिन्न परंपरांच्या दोन पोथ्या म्हणजे दोन साक्षी. हा नियम येथे जसाच्या तसा लागू पडतो. एकच धूसर छायाचित्र हजार ठिकाणी छापून आले तरी पुराव्यात तिळमात्र भर पडत नाही. आणि कुंपणाचा नियम येथेही सुटत नाही: तो दोष चिपेच्या अपरिवर्तनीय भागात असल्याने विकल्या गेलेल्या यंत्रांत दुरुस्त करता आला नाही, परंतु २०१८ च्या मध्यापासून तयार झालेल्या यंत्रांत तो बुजविण्यात आला.

यावर एक आक्षेप संभवतो. या सर्व वाटांचा उपयोग खेळांच्या चोरट्या प्रती चालविण्यासाठीही झाला. मग अशा वार्तांची बूज राखण्यापेक्षा त्या दडपलेल्या बऱ्या नव्हेत काय? आक्षेपातील वस्तुस्थिती नाकारण्याचे कारण नाही. पण दडपल्याने वार्ता मरत नाही. ती परीक्षेवाचून जगते, आणि परीक्षेवाचून जगणारी वार्ताच २००५ सारखा घात करते. शिवाय यंत्राच्या मालकाला त्याची दुरुस्ती करण्याचा जो न्याय्य अधिकार असावयास हवा, तोही अद्याप त्याला पुरता लाभलेला नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२३ मध्ये संमत केलेला आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेला दुरुस्तीच्या हक्काचा कायदा निर्मात्यांना सुटे भाग, साधने व माहितीपत्रके उपलब्ध करून देण्यास बांधतो. परंतु गेम कन्सोल त्यातून वगळलेले आहेत. जेथे माहितीपत्रक मिळत नाही तेथे वदंता हेच माहितीपत्रक होऊन बसते. वदंतांचा दोष केवळ त्या पसरविणाऱ्यांच्या माथी मारणे म्हणूनच अन्यायाचे होईल.

सारांश, अशी वार्ता कानी आली असता चार गोष्टी विचाराव्यात: तीत कारणाची साखळी आहे काय, ती साखळी दुसऱ्या कोणाला स्वतंत्रपणे तपासता येते काय, साक्षी खरोखर स्वतंत्र आहेत काय, आणि वार्तेचे कुंपण, म्हणजे ती कोणत्या मदरबोर्डाला व कोणत्या काळच्या यंत्राला लागू पडते हे, स्पष्ट सांगितले आहे काय. चारही प्रश्नांना उत्तर मिळेपर्यंत निर्णय राखून ठेवावा, आणि आपले एकुलते एक यंत्र प्रयोगास लावू नये. निर्णय राखून ठेवणे म्हणजे नाकारणे नव्हे. सेवा-बॅटरीची वदंता ज्यांनी थट्टेवारी नेली त्यांची यंत्रे फुकट गेली नाहीत हे खरे. पण जी यंत्रे आधीच निकामी म्हणून बाजूस टाकली होती, ती त्यांच्या अविश्वासामुळे तशीच पडून राहिली असती.