सिस्टर कोरिटांचा पुठ्ठा

कोरिटा केंट यांच्यावर लिहायला बसलं की हात आधी त्यांच्या सिल्कस्क्रीन छापचित्रांकडे जातो. मी म्हणेन, आधी पुठ्ठा घ्या. लॉस एंजेलिसच्या इमॅक्युलेट हार्ट कॉलेजात शिकवणाऱ्या या नन विद्यार्थ्यांच्या हातात मधोमध चौकोनी भोक पाडलेला पुठ्ठा द्यायच्या आणि त्यातून रस्ता, पाट्या, दुकानं बघायला लावायच्या. त्याचं नाव 'फाइंडर'. आजूबाजूचं झाकलं गेलं की जाहिरातीतलं अक्षरसुद्धा नुसता आकार होऊन समोर येतं.

आता १९६२ चं 'वंडरब्रेड' बघा. बारा रंगीत ठिपके. पावाच्या वेष्टनावरचे, की मिस्सेतली भाकर? दोन्ही! इथे 'धार्मिक प्रतीक' एवढं लिहून मोकळे होऊ नका. अर्थ मागाहून आलाय, बघण्याचा सराव आधीचा. श्रद्धा त्या सरावात शोधायला हवी, आणि नेमकी तिथेच आपली अडचण होते: छापचित्रं संग्रहालयांत आहेत, पण वर्गातलं ते बघणं कुठे जपून ठेवणार? म्हणून प्रकरण लिहिण्याआधी स्वतः एक पुठ्ठा कापून तासभर बाजारात फिरा, टिपणं तिथेच काढा.

माझी एक तक्रार मात्र आहे. पाव विकणाऱ्याला हे चित्र एकही प्रश्न विचारत नाही. बाजार इतक्या सहज पवित्र होतो?