कुमारप्पांची खातेवही

पृथ्वीवरील सामुग्री मर्यादित आहे, हें आतां कोणास पटवून द्यावें लागत नाहीं. १९७२ सालीं 'द लिमिट्स टु ग्रोथ' या ग्रंथानें तें गणकयंत्राच्या साह्यानें सांगितलें व त्यावर जगभर वाद माजला. परंतु त्याच्या पाव शतकाहून अधिक काळ आधीं जबलपूरच्या तुरुंगांत बसून एका हिशेबनिसानें हीच गोष्ट नुसत्या कागद-लेखणीनें मांडली होती, याची आठवण आपल्याकडे फारशी कोणी ठेवीत नाहीं. जे. सी. कुमारप्पा यांचा 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स', म्हणजे टिकाऊ अर्थव्यवस्थेचें विवेचन, हा तो ग्रंथ. गांधीजींनीं १९४५ सालीं त्याला प्रस्तावना लिहिली. पुढें शूमाखर यांनीं 'स्मॉल इज ब्यूटिफुल'मध्यें (१९७३) त्याचा आधार घेतला. अशा ग्रंथाला नमस्कार करून तो फळीवर ठेवून देण्याची आपली रीत आहे. प्रस्तुत लेखकास तेवढा नमस्कार पुरेसा वाटत नाहीं.

कुमारप्पा लंडनला हिशेबतपासनिसाचें काम शिकले, आणि ग्रंथाचें खरें बळ त्या शिक्षणांत आहे. कोळसा, खनिज तेल, लोखंड हे सांठे; वापरले कीं सरले. नदीचा प्रवाह व रानाची वाढ ही आवक. जेवढी वाढ तेवढेंच घेतलें तर मूळ शाबूत राहतें. मुद्दल आणि व्याज यांतील हा भेद कोणत्याहि वाण्याला कळतो. मुद्दल खाऊन त्याला नफा म्हणणाऱ्या राष्ट्रांना तो कळला नव्हता. सांठे आटूं लागले म्हणजे त्यांच्यासाठीं लढाया जुंपतात, हा निष्कर्षहि त्यांनीं येथूनच काढला. वर्ध्याच्या मगनवाडींत रॉकेलऐवजीं वनस्पतींच्या तेलावर जळणारा 'मगनदीप' तयार झाला, तो याच हिशेबांतून. त्या दिव्याला आज कोणी हंसेल. हंसणाऱ्यानें एवढें पाहावें कीं त्यांतील तेल दर हंगामाला पुन्हां पिकतें.

यापुढें मात्र हिशेबनीस मागें सरतो व प्रवचनकार पुढें येतो. वाघ परोपजीवी, आयते आंबे ओरबाडणारें माकड लुटारू, मधमाशी उद्यमी व संघनिष्ठ, पिलांना भरविणारी पक्षीण सेवाभावी, अशी शिडी रचून ते माणसाला तीवर चढावयास सांगतात. शिडी वाचावयास गोड आहे. शास्त्र म्हणून ती टिकत नाहीं. वाघ नाहींसा झाला तर हरणें रान चरून उजाड करतील; म्हणजे ज्याला सर्वांत खालची पायरी दिली तोच मुद्दल राखणारा निघतो! निसर्गांत देवघेव पाहावयाची असते. ती पाहण्याची दृष्टि या लेखकाला होती, म्हणूनच अधिक वाईट वाटतें.

धुराचें खातें या वहींत नाहीं, हा दोष त्यांचा म्हणतां येणार नाहीं. हवाई बेटांतील मौना लोआ येथें हवेंतील कर्बवायूची सलग मोजणी सुरू झाली तीच मुळीं १९५८ सालीं. तेव्हां दशलक्ष भागांत सुमारें ३१५ भाग होता, आज तो ४२० च्या वर आहे. कोळसा संपण्याच्या किती तरी आधीं आभाळ भरलें.

शिडीमुळें झालेलें खरें नुकसान निराळेंच आहे. तिच्यामुळें सारा भार माणसाच्या चारित्र्यावर पडतो. आपल्याच प्रदेशांतील विहिरी घ्या. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा. त्यांत पाणी मुरतें तें झिजलेल्या थरांत व भेगांत, तेंहि बेताचें. बैलांची मोट होती तोंवर तें वार्षिक व्याज होतें. विजेचा पंप आला, मागून खोल कूपनलिका आल्या, आणि तेंच पाणी खाणींतील कोळशाप्रमाणें उपसलें जाऊं लागलें. वस्तु तीच, उपशाच्या वेगानें तिचें खातें बदललें. शेजाऱ्यानें खोल नेलें कीं सज्जन शेतकऱ्यालाहि खोल न्यावें लागतें, आणि दोघांच्याहि विहिरी कोरड्या पडतात. येथें सेवाभाव काय करणार? येथें नियम हवा. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यांत विलासराव साळुंखे यांनीं पाणी पंचायतीच्या रूपानें तो करून दाखविला. पाणी जमिनीच्या प्रमाणांत न देतां माणशी अर्ध्या एकरापुरतें, कुटुंबास फार तर अडीच एकरांपुरतें; भूमिहीनालाहि हक्क; आणि ऊस लावावयाचा नाहीं.

गंमत अशी कीं या नियमाचें बीज कुमारप्पांच्याच ग्रंथांत आहे. एक लक्ष लोकवस्तीला समतोल आहार मिळावयाचा तर कोणत्या पिकाखालीं किती जमीन असावी, याचें एक कोष्टक त्यांनीं दिलें आहे. वाचक बहुधा तें ओलांडून पुढें जातो. आमच्या मतें तें त्या शिडीहून दसपट मोलाचें आहे. मराठींत या ग्रंथाची नवी, सटीप आवृत्ति कोणी काढील तर त्यानें शिडीचीं पानें आहेत तशींच ठेवावीं, पण कोष्टकाच्या शेजारीं पुरंदरचे नियम अवश्य छापावे.