वारसा-फेरी आणि संस्थानी गावाचे कथन : भोरच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

जुन्या गावठाणातून मार्गदर्शकाच्या सोबतीने पायी हिंडत इतिहास समजून घेण्याच्या उपक्रमास आपल्याकडे ‘हेरिटेज वॉक’ किंवा ‘वारसा-फेरी’ असे म्हटले जाते. पर्यटनाच्या अंगाने या उपक्रमाची चर्चा होते. परंतु एक कथन म्हणून त्याची चिकित्सा होणेही आवश्यक आहे. फेरीलाही आरंभ, क्रम, विराम आणि शेवट असतो. कोठे थांबावे आणि कोठून न थांबता पुढे जावे, या निवडीतूनच तिचा अर्थ घडतो. प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्यातील भोर या छोट्या संस्थानी गावाच्या संदर्भात या निवडीचा विचार केला आहे.

मार्ग हेच भाष्य

अहमदाबाद महानगरपालिकेच्या पुढाकाराने १९९७ मध्ये सुरू झालेली वारसा-फेरी काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघून जामा मशिदीपाशी पोहोचते. वाटेत पोळांमधील राहती घरे आणि पक्ष्यांसाठी उभारलेले चबुतरे लागतात. दोन धर्मस्थळांच्या मध्ये नांदती वस्ती ठेवल्यामुळे, शहर म्हणजे सहवासाची जागा, हे भाष्य मार्गदर्शकाने तोंड उघडण्यापूर्वी मार्गानेच केलेले असते. याउलट पणजीच्या फोंतेन्हास वस्तीत रंगीत घरांसमोर छायाचित्रे काढणाऱ्यांच्या गर्दीविरुद्ध रहिवाशांनाच तक्रार करावी लागली. तेथे घर ही केवळ पार्श्वभूमी उरली आणि त्यात राहणारा माणूस अडथळा ठरला. या दोन उदाहरणांवरून फेरीची एक कसोटी मिळते : ती गावातील माणसांचे परस्परसंबंध दाखवते की केवळ दर्शनी भाग?

भोरच्या कथनाची मर्यादा

छत्रपती राजाराम महाराजांचे सचिव शंकराजी नारायण यांच्यापासून भोरच्या पंतसचिव घराण्याचा इतिहास सुरू होतो. १९४८ मध्ये हे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. नीरेकाठच्या या गावात १८६९ मध्ये बांधलेला राजवाडा आजही उभा असून त्यातील चौक आणि लाकडी काम पाहण्याजोगे आहे. त्यामुळे भोरचे वर्णन राजवाड्यापासून सुरू व्हावे, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. आक्षेप आहे तो हे वर्णन तेथेच संपते याला. घराण्याची वंशावळ, नक्षीदार खांब आणि वाड्यात झालेली चित्रपटांची चित्रीकरणे एवढ्यावर कथन थांबले, तर राजधानी उरते. संस्थान मात्र नाहीसे होते.

भोर संस्थानात विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड असे पाच तालुके होते. यांपैकी चार तालुक्यांची नावे किल्ल्यांवरून पडलेली आहेत. विचित्रगड म्हणजे रोहिडा आणि प्रचंडगड म्हणजे तोरणा. या डोंगरी मुलखाच्या शेतसाऱ्यावरच राजधानीचा डोलारा उभा होता. वेल्ह्याहून केळदकडे जाताना लागणाऱ्या पासलीसारख्या गावाच्या बाजूने पाहिले, तर भोर हे आधी कचेरीचे आणि बाजाराचे गाव ठरते, राजवाड्याचे नंतर. ही दुसरी दृष्टी फेरीत कोठेच येत नसेल, तर तिने सांगितलेला इतिहास खोटा नसला तरी एकतर्फी असतो.

पाण्याखालचा इतिहास

वेळवंडी नदीवरील भाटघर धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांतून पूर्वेकडील अवर्षणग्रस्त भागाला मिळाले, तर खोऱ्यातील शिवार जलाशयाखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की कांबरे येथील कांबरेश्वराचे मंदिर पुन्हा दिसू लागते. राजवाडा बारमाही दिसतो म्हणून तो वारसा, आणि बुडालेले शिवार दिसत नाही म्हणून ते वारशाबाहेर, असा निकष अभ्यासकाला मान्य करता येणार नाही.

दोन तासांच्या फेरीत एवढा मुलूख कसा दाखवावा, अशी शंका येथे घेतली जाईल. परंतु त्यासाठी खोरे पायी तुडवण्याची गरज नाही. नदीकाठी थांबून धरणाची हकिकत सांगता येते. बाजारपेठेत थांबून मावळातील गावांशी असलेली देवघेव उलगडता येते. त्या गावांतील जाणत्या व्यक्तीलाच तेथे बोलते केले, तर कथनाचा स्वरही बदलेल.

समारोप

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत राजगड आहे. वेल्हे तालुक्यालाही आता राजगड हे नाव मिळाले असून, संस्थानकाळातील एका तालुक्याचे नाव त्यामुळे पुन्हा व्यवहारात आले आहे. या परिसरात येणाऱ्यांची संख्या वाढणार हे उघड आहे. आज जे कथन रूढ होईल, तेच उद्या शालेय सहलींना ऐकवले जाईल, आणि पासलीच्या मुलांनाही आपल्या तालुक्याचा इतिहास म्हणून तेच ऐकावे लागेल. त्यात त्यांच्या गावाला जागा असावी, ही अपेक्षा केवळ भावनिक नाही. राजधानी आणि तिला पोसणारा मुलूख यांचा संबंध दाखवल्याखेरीज संस्थानी गावाची कोणतीही वारसा-फेरी पूर्ण झाली असे म्हणता येत नाही.